पाटीवर वाटेलाही एक ओळ द्या

वस्तुसंग्रहालयांच्या दालनांत वस्तूंखालच्या पाट्या लिहिणाऱ्या सर्व अभिरक्षकांना, आणि त्या मंजूर करणाऱ्या साहेबांना,

स. न. वि. वि.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात स्फटिकाचं एक पात्र आहे. अंगभर बारीक खळग्यांची नक्षी, मान आणि बूड सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचं, त्यात रत्नं आणि मोती जडवलेले. बुडाशी लॅटिनमध्ये मजकूर कोरलेला आहे. त्याचा आशय असा: हे पात्र नवरी एलेनॉरनं राजा लुईला दिलं, मितादोलूसनं तिच्या आजोबांना दिलं होतं, राजानं मला दिलं, आणि मी, सुजेनं, संतांना वाहिलं.

सुजे हा पॅरिसजवळच्या सां-दनी मठाचा प्रमुख. ११५१ मध्ये वारला. एलेनॉर ही आक्विटेन या फ्रान्समधल्या प्रांताची वारस, फ्रान्सच्या सातव्या लुईशी तिचं लग्न झालं ११३७ मध्ये. आजोबा म्हणजे आक्विटेनचा ड्यूक नववा विल्यम. आणि मितादोलूस? अभ्यासकांच्या मते हा इमाद अल-दौला, स्पेनमधल्या झारागोझाच्या मुस्लिम राजघराण्याचा शेवटचा राजा. ११२० मध्ये कुतांदाच्या लढाईत हा मुसलमान राजा आणि तो ख्रिस्ती ड्यूक एकाच बाजूला होते. धर्मयुद्धांचा काळ म्हणून शाळेत जो शिकवतात, तोच हा काळ. तरीही सां-दनीत, म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या दफनभूमीत, वेदीजवळच्या ठेव्यातल्या पात्रावर एका मुसलमान राजाचं नाव कोरायला मठाधिपतीला काही वाटलं नाही. उलट ते नाव आहे म्हणूनच पात्राची शान वाढते, असा त्याचा हिशेब असावा.

आता गंमत अशी, की स्फटिक कुठे कोरला गेला ते सुजेनं लिहिलेलं नाही. इराण की इजिप्त, यावर आजही वाद आहे. त्याला ठाऊक असलेलं त्यानं लिहिलं: वस्तू कोणाकोणाच्या हातून गेली. आपल्या पाट्यांचं नेमकं उलटं आहे. वस्तू कशाची, कुठली आणि कोणत्या शतकातली एवढं आपण लिहितो आणि थांबतो. ‘हस्तिदंती पेटी, पश्चिम भारत, १७वे शतक.’ ‘चिनी मातीचे ताट.’ ‘पितळी दीपपात्र, दक्षिण भारत.’ एखाद्याच्या मृत्युलेखात फक्त जन्मगाव लिहावं तसं हे होतं.

माझी विनंती छोटी आहे. मध्ययुगातल्या मौल्यवान वस्तूंच्या पाटीवर आणखी एक ओळ वाढवा. कच्चा माल कुठून आला, वस्तू कुठे गेली, कोणाच्या हातून गेली. जेवढं माहीत असेल तेवढंच. ही मागणी हौसेची नाही. या वस्तूंच्या बाबतीत वाट हाच मुख्य मजकूर असतो, म्हणून करतोय.

हस्तिदंताचंच बघा. हत्ती म्हणजे आपलाच प्राणी, तेव्हा हस्तिदंत आपल्याच जंगलातला, असं पाटी वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास आपल्या चौलला आला होता. त्याच्या लिखाणात चौलचं नाव सैमूर असं येतं. त्यानं लिहून ठेवलंय, की झंजांच्या देशातून, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मोठमोठे हस्तिदंत ओमानला येतात आणि तिथून हिंदुस्थानात आणि चीनला जातात. तसे ते गेले नसते तर मुसलमानांच्या मुलखात हस्तिदंताचा सुकाळ झाला असता. आणि हिंदुस्थानात त्याचं काय करतात, तर खंजिरांच्या आणि तलवारींच्या मुठी, आणि बुद्धिबळाच्या नि सारीपाटाच्या धर्तीच्या खेळांच्या सोंगट्या. हत्तींचा देश हस्तिदंत बाहेरून मागवत होता! आफ्रिकन हत्तीचा सुळा मोठा, पांढरा आणि कोरायला सोपा, म्हणून कारागिरांची त्याला पसंती. तेव्हा शोकेसमधल्या मुठीवर ‘भारतीय हस्तिदंती काम’ लिहिलंत तर काम भारतीय हे खरं. सुळा मात्र बहुधा मोझांबिक-टांझानियाच्या बाजूचा.

चौलचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण हे आपल्या उंबरठ्यावरचं आहे. रेवदंड्याला सहलीला जाणाऱ्यांना पोर्तुगिजांची तटबंदी दिसते, आणि तिच्यापाशीच आपला इतिहास सुरू होतो अशी समजूत होते. मसूदी आला तेव्हा पोर्तुगीज यायला सहाशे वर्षं होती. तो सांगतो, की चौलात सुमारे १०,००० मुसलमान राहतात. कोणी सिराफ या इराणी बंदराचे, कोणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि कितीतरी इथेच जन्मलेले. राजा शिलाहार झंझ, त्याच्या वर राष्ट्रकूट सम्राट. या परदेशी वस्तीचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे.

आणि हे फक्त परक्या प्रवाशाचं म्हणणं नाही. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट काळातले ताम्रपट मिळाले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. त्यात संयान, म्हणजे आजचं संजाण, या मंडळाचा अधिकारी आहे मधुमती सुगतिप नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब. त्यानं नदी ओलांडायला फुकट होडी सुरू केली, वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं, आणि एका मठाला जमीन दिली. राजा राष्ट्रकूट, अधिकारी अरब, दान हिंदू मठाला, लेख संस्कृतात. त्याच संजाणच्या मातीत २००२ पासून झालेल्या उत्खननांत इराणी-इराकी बनावटीची निळसर झिलईची भांडी, चिनी पोर्सेलिन आणि काच निघाली. ताम्रपट एका दालनात, खापरं दुसऱ्या दालनात, आणि दोन्हींच्या पाट्या एकमेकींना ओळखत नाहीत. एक ‘शिलालेख व ताम्रपट’, दुसरी ‘मृत्पात्रे’. होडीतून उतरून त्या छत्रात तूपभात जेवलेल्या माणसाच्या गाठोड्यात यातलंच एखादं भांडं असू शकतं, हे दोन दालनांमधली भिंत आपल्याला सुचू देत नाही.

आता पितळ. बाराव्या शतकात ट्युनिशियाकडचा एक ज्यू व्यापारी, अब्राहम बेन यिजू, ११३२ ते ११४९ च्या दरम्यान बहुतेक काळ मंगळूरला राहत होता. त्याचा तिथे पितळी भांड्यांचा कारखाना होता. त्याला आलेली पत्रं कैरोच्या जुन्या वस्तीतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोठीत सापडली. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, या श्रद्धेपायी तिथे शतकानुशतकं कागद टाकत गेले होते. ते १८९६-९७ मध्ये मोठ्या संख्येनं केंब्रिजला गेले. येमेनमधल्या एडन बंदरातले व्यापारी बेन यिजूला तांबं पाठवत, शिसं पाठवत, मोडकी पितळी भांडी पाठवत, आणि सोबत तपशीलवार सांगत, की यातून अमुक घाटाचा दिवा कर, तमुक मापाचं तबक कर. मंगळूरचे कारागीर ती मोड वितळवून नवी भांडी घडवत आणि ती परत एडनला जात. मिरी, वेलची, लोखंड, सुपारी यांच्या गोण्यांशेजारी. येताना त्याच्यासाठी साखर, मनुका आणि कागद येई, कारण मंगळुरात ताडपत्रं होती, कागद नव्हता.

अशा एका दीपपात्राखाली तुम्ही ‘दक्षिण भारत’ लिहाल की ‘येमेन’? घाट एडनच्या गिऱ्हाइकाच्या मनातला, धातू कदाचित इजिप्तमधल्या कोणाच्या जुन्या स्वयंपाकघरातला, हात तुळू-कन्नड मुलखातल्या कारागिराचा, आणि पैसा ज्यू व्यापाऱ्याचा. एका शब्दात हे बसवायचं म्हटलं की खोटंच लिहावं लागतं.

कापडाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिथे ‘मौल्यवान’ म्हणजे काय हाच प्रश्न उलटा होतो. गुजरातच्या बाजूला ठसे मारून, मेण किंवा खळ लावून रंग अडवून छापलेलं सुती कापड, निळीचं आणि मंजिष्ठाच्या जातीच्या लाल रंगाचं, शेकडो वर्षं इजिप्तला जात होतं. कैरोजवळच्या फुस्तातच्या उकिरड्यांत त्याच्या चिंध्या मिळाल्या. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात असे १,२०० हून जास्त तुकडे आहेत. इजिप्तच्या कोरड्या हवेनं ते राखले. आपल्या दमट किनाऱ्यावर त्याच काळातलं कापड शोधून सापडत नाही. शिवणीच्या खुणा, ठिगळं, फाटलेल्या कडा बघितल्या तर कळतं, की हे काही फक्त सुलतानाच्या अंगावरचं कापड नव्हतं. मध्यम घरांत वापरून वापरून फेकलेलं.

आता तसंच कापड पूर्वेला बघा. तशाच ठशांचं, तशाच रंगांचं गुजराती कापड मिरी-लवंग-जायफळाच्या बदल्यात इंडोनेशियात गेलं. सुलावेसीच्या डोंगरात तोराजा लोकांनी ते घराण्याचा पवित्र ठेवा म्हणून पिढ्यानपिढ्या जपलं, विधींना तेवढं बाहेर काढलं. त्यातल्या काहींची कार्बन पद्धतीनं तपासणी झाली तेव्हा ती थेट चौदाव्या शतकातली निघाली. एका टोकाला उकिरडा, दुसऱ्या टोकाला देव्हारा. ठसा मारणाऱ्या माणसाला या दोन्हींतलं काहीच ठाऊक नसणार. त्याला एवढंच माहीत, की या गठ्ठ्याला हंसांची ओळ हवी आणि त्या गठ्ठ्याला पानाफुलांची. वस्तू मौल्यवान कशानं होते याचं उत्तर तुमच्या पाटीवरच्या ‘सुती, ठसाकाम’ या दोन शब्दांत येत नाही. ते उत्तर वाटेत असतं.

इथे एक इशाराही द्यायला हवा, कारण ‘सांस्कृतिक आदानप्रदान’ हा शब्द पाट्यांवर फार सैल हातानं पडतो. वस्तू पोचली म्हणजे तिचा अर्थ पोचला असं नाही. स्वीडनमध्ये हेल्गो नावाच्या बेटावर १९५६ मध्ये एक छोटी काशाची बुद्धमूर्ती सापडली. जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची, सहाव्या शतकाच्या सुमारास काश्मीर-स्वातच्या बाजूला घडवलेली. त्याच वस्तीत आयर्लंडच्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ आणि इजिप्तचा एक पळा मिळाला. मूर्तीच्या गळ्याभोवती आणि हातावर कातडी पट्टी होती. कोणीतरी ती ताईत म्हणून अडकवली असावी. बुद्ध कोण हे त्याला कळलं होतं असं मानायला काही आधार नाही, आणि मला त्यात कमीपणाही वाटत नाही. दुसऱ्यानं चुकीचा लावलेला अर्थ हासुद्धा इतिहासच.

फ्रान्समधल्या आप्त गावच्या चर्चमध्ये संत अ‍ॅनचं, म्हणजे येशूच्या आजीचं, पवित्र वस्त्र म्हणून लिननचं एक कापड शतकानुशतकं पुजलं गेलं. त्यावर अरबी अक्षरं आहेत आणि त्यात इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-मुस्तअली आणि त्याचा वजीर अल-अफदल यांची नावं आहेत. हे कापड इजिप्तच्या दमिएत्ता गावी १०९६-९७ मध्ये विणलेलं. पहिल्या धर्मयुद्धाहून परतलेल्या कोणीतरी ते आणलं असावं. पूर्वेकडचं अप्रतिम कापड म्हणजे पवित्र भूमीतलंच, एवढा साधा विचार. आणि पालेर्मोत ११३३-३४ मध्ये सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरसाठी केलेला लाल रेशमी झगा बघा, उंटावर झेप घेणारे सिंह सोन्यामोत्यांत भरलेला. त्याच्या काठाला कूफी लिपीत अरबी मजकूर आहे, हिजरी ५२८ हे सालही आहे. पुढे तो पवित्र रोमन साम्राज्याच्या ठेव्यात गेला आणि १७९२ पर्यंत कॅथलिक सम्राटांच्या राज्याभिषेकाला वापरला गेला. आज व्हिएन्नात आहे. हिजरी साल अंगावर घेऊन सम्राट चर्चमध्ये उभे राहत होते, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

पण वाट लिहायची म्हणजे तिच्यावरचा चिखलही लिहायचा. मौल्यवान वस्तू नजराणा म्हणून जितक्या फिरल्या तितक्याच लूट म्हणूनही फिरल्या. १०६० च्या दशकात पगार थकलेल्या सैनिकांनी कैरोचा फातिमी खजिना लुटला आणि तिथली स्फटिकाची भांडी बाजारात आली. खलिफा अल-अझीझचं नाव कोरलेली एक सुरई आज व्हेनिसच्या सान मार्को चर्चच्या खजिन्यात आहे. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या शेवटी ओतलेली, राजचिन्ह असलेली एक मोठी काशाची सुरई कशीतरी सहारा ओलांडून किंवा किनाऱ्यानं घानातल्या कुमासीला पोचली. असांते राजांच्या दरबारात राहिली. १८९६ मध्ये इंग्रज सैन्यानं ती उचलली आणि ब्रिटिश म्युझियमला गेली. कुमासीत ती कित्येक पिढ्या मानानं राहिली, एवढं एका ओळीत लिहिलं नाही तर ती फक्त घरी परतलेली इंग्रजी सुरई ठरते.

आपल्याकडेही हेच. मार्को पोलो सांगतो, की ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीत घोडे सापडले तर ते राजाचे, बाकी माल चाच्यांचा. (घोडा तुमच्या शोकेसमध्ये मावत नाही म्हणून सुटला, नाहीतर त्या काळी अरबी घोड्यासारखी महाग चीज दुसरी नव्हती.) बेन यिजूच्या कागदपत्रांत बोम्म नावाचा त्याचा एक गुलाम आहे, मालकाचा माल आणि पैसा घेऊन तो एडनपर्यंत जाऊन येत असे. अशू नावाच्या स्त्रीला बेन यिजूनं ११३२ मध्ये दास्यातून मुक्त केलं, पुढे ती त्याच्या घरची झाली. पितळी दिव्याची वाट लिहाल तेव्हा ही माणसंही लिहा. ‘व्यापारी संबंध होते’ या तीन शब्दांमागे बोम्म अगदी दिसेनासा होतो.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, निदान ज्या बाहेरून दिसतात त्या. पाटी पोस्टकार्डाएवढी. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा त्यातच. अनेक वस्तू संस्थानिकांच्या नाहीतर शेठजींच्या घरून एकगठ्ठा आलेल्या, दाखल नोंदवहीत ‘भेट’ एवढंच. अशा वेळी वाट कुठून शोधणार? मला वाटतं, नोंदवहीतला तो ‘भेट’ शब्दही सांगण्याजोगा आहे. कोणत्या घराण्याकडून, कोणत्या साली, हे कळलं तरी शेवटचे दोन हात कळले. ‘पुढचा मागमूस लागलेला नाही’ असं सरळ छापलंत तरी प्रेक्षक रागावणार नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक. अरब अधिकारी, ज्यू व्यापारी, मठाला दान, असं काही पाटीवर आलं की कोणीतरी मोबाइल काढणार, कोणीतरी निवेदन देणार, अशी भीती वरच्या साहेबांना वाटते. म्हणून मजकूर गुळमुळीत होतो. यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण चिंचणीचा ताम्रपट काही आज लिहिलेला नाही. त्यात जे आहे ते तसंच, शके सालासकट, पाटीवर उतरवलं तर वाद घालणाऱ्याला आधी राष्ट्रकूटांशी वाद घालावा लागेल.

हे करता येतं याचा पुरावा मुंबईतच आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमसोबत भारत आणि जग असं प्रदर्शन भरलं होतं. इथल्या वस्तूंशेजारी त्याच काळातल्या परदेशी वस्तू मांडल्या होत्या. लोक त्या पाट्या वाचत होते, मागे वळून पुन्हा पहिल्या वस्तूपाशी जात होते. मात्र असली प्रदर्शनं येतात आणि जातात. कायमच्या दालनांत पाट्या तशाच राहतात, काही ठिकाणी तर टाइपरायटरवरच्या.

म्हणून एकदम सगळं बदला असं म्हणत नाही. एका शोकेसपासून सुरुवात करा. माझं मत विचाराल तर हस्तिदंतापासून, कारण तो बहुतेक संग्रहालयांत थोडाफार असतोच, आणि समज तिथेच सगळ्यांत पक्का चुकलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत शाळांच्या सहली यायच्या आत एक छापील पट्टी जुन्या पाटीखाली चिकटवली तरी पुरे. जिथे वस्तूचा काळ आणि दाताची जात जुळते तिथे मजकूर एवढाच चालेल: ‘सुळा पूर्व आफ्रिकेतला असण्याची शक्यता. असे सुळे ओमानमार्गे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत. कोरणारे हात इथले. संग्रहात येण्याआधी अमुक घराण्याकडे.’ चार वाक्यं झाली, तुमच्या पोस्टकार्डात बसतात का ते मोजून बघा. बसत नसतील तर ‘सुबक व मनोहारी कोरीवकाम’ हे शब्द तेवढे काढा. काम सुबक आहे ते आम्हाला काचेतून दिसतं.

कळावे,

आपला,
तिकीट काढून पाट्या वाचणारा एक प्रेक्षक